पाच त्याचे, पाच माझे

नाही ताई, हात लावू नका त्यांना — बोल्टना म्हणतोय मी — ते पुठ्ठ्यात ज्या भोकात खोचलेत त्याच भोकात राहू देत. हेडवर जो जिथे होता तो तिथेच हवा, नाहीतर कुणाचा कुठला ते कळायचं कसं? बघायचं असेल तर वाकून बघा. हे पाच बघा, आट्यांवर तपकिरी लेप आहे ना, वाळलेल्या गुळासारखा? हे माझे. आणि हे समोरचे पाच, ज्यांच्या मानेशी गंज धरलाय, हिरवट पाणी सुकल्याचे डाग आहेत — हे त्याचे. त्याचे म्हणजे कुणाचे काय विचारता? तो काय, तिकडे टाकीपाशी आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि व्हॉल्व्ह घासतोय. आमचे थोरले बंधू. तुमच्या गाडीचं पाणी गेलं ते याच पाच बोल्टांच्या आट्यांवरून, थेंब थेंब वर चढत, तीन आठवडे, रोज. माझ्या पाचांवरून एक थेंब गेला असला तर दाखवा. बोट फिरवून बघा. नाही — बोट नको, म्हटलं ना हात लावू नका.

चूक कुणाची हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतोय. आल्या आल्या तुमचा पहिला प्रश्न तोच होता — गाडी नीट करा असंसुद्धा म्हणाला नाहीत आधी. आणि बरोबरच आहे तुमचं. चार माणसं गाडीत, चौघांची किडनी गेलेली, आठवड्यातून तीनदा त्यांना रक्त धुवायला न्यायचं, वेळ ठरलेली, मशीन ठरलेलं, आणि भर रस्त्यात इंजिन उकळून बंद पडतं म्हणजे काय! ते आजोबा फुटपाथवर बसले म्हणालात ना, रुमाल डोक्यावर टाकून? किती वेळ? — दीड तास? — काल मला कुणी हे सांगितलं नाही. टोचन करून गाडी आणणाऱ्यानं फक्त 'गरम झाली' एवढंच सांगितलं. गरम झाली! जसं काही ताप आला आणि उतरेल. मी रात्रभर — जाऊ दे.

बोल्टात काय एवढं, असं तुम्हाला वाटत असेल. सगळ्यांनाच वाटतं. घट्ट आवळला की झालं. नाही ताई, इथेच तर सगळी मेख आहे. इंजिनाचं हे खालचं धूड म्हणजे ब्लॉक, त्यावर हे झाकण बसतं ते हेड, मध्ये पातळ गॅस्केट. दहा बोल्ट त्यांना एकमेकांवर दाबून धरतात. आता नीट ऐका. या बाजूच्या, धुराच्या नळीकडच्या, पाच बोल्टांची भोकं आरपार आहेत, त्यांची टोकं थेट पाण्यात उतरतात. तिथे आट्यांना सीलंट लागतं, लेप लागतो, नाहीतर पाणी आट्यांच्या जिन्यानं वर येतं. आणि त्या बाजूची पाच भोकं आहेत बंद, खाली तळ असलेली, कोरडी. तिथे लागतं तेल, पण किती? — नुसता हात. आटा ओला दिसला की पुरे. तेल नसलं तर बोल्ट अर्ध्यातच अडतो आणि पाना म्हणतो झालं, आवळला. पाना खोटं बोलतो, ताई! पाना फक्त तुमच्या हाताचा जोर मोजतो, बोल्टनं किती धरलं ते त्याला कळत नाही. आट्यात काय लावलं यावर सगळं ठरतं. याच विषयावर माझा प्रबंध आहे. हसू नका. दोनशे चौदा पानं आहेत. 'आट्यांतील घर्षण', विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडलाय, अजून असेल तर. वाळवीनं वाचला असेल. मी सहा वर्षं तिथे शिकवलं, मग नोकरी सोडून इथे आलो, बाबांच्या वर्कशॉपमध्ये. का आलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही — मला वाटायचं, पुस्तकातलं खरं आहे की नाही ते एकदा हातानं बघावं. आणि हा तिकडचा, सातवी पास, चौदाव्या वर्षापासून इथे. त्यानं प्रबंध वाचला नाही. त्याला गरज नव्हती. त्याच्या बोटांना माहीत होतं.

मग पाच-पाच का, हाच ना तुमचा प्रश्न? एकानंच दहाही का नाही बसवत? सगळी गिऱ्हाइकं विचारतात आणि आम्ही सांगतो 'पद्धत आहे आमची'. बाबांनी घालून दिलेली. तो दाराकडच्या बाजूला उभा राहणार, तेलाचा ब्रश घेऊन. मी खिडकीकडे, सीलंटची डबी घेऊन. इंजिन मध्ये. एक बोल्ट त्याचा, एक माझा, एक त्याचा, एक माझा — आणि बोलायचं नाही. बोलायचं नाही हे बाबांनी नाही ठरवलं, ते आमचं आम्हीच. बावीस वर्षं झाली. हो, बावीस! तोंड कशाला वासता? घरात भांडणं होत नाहीत का तुमच्या? तो खांबावरचा फळा दिसतोय, त्यावर खडूनं लिहितो आम्ही. 'गॅस्केट मागवा.' 'पट्टा आला.' वाचलं की बरोबरची खूण करायची. आणि गिऱ्हाईक असलं की गिऱ्हाइकामार्फत. 'त्यांना सांगा जरा क्रँक धरायला.' एकदा एक जण आला तो घसा बसलेला, तोंडातून आवाज फुटेना, आणि फळ्याचा खडू संपलेला — अर्धा दिवस काम अडलं! शेवटी वहिनीला फोन लावला, ती तिकडून त्याला ओरडली. हसा, हसा. आम्हीही हसलो असतो, पण दोघांनी एकाच वेळी हसणं म्हणजे बोलल्यासारखंच की.

ऐकू येतंय त्याला सगळं. येऊ दे. कान शाबूत आहेत, डोळेच गेलेत. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. त्या ब्रशचा आवाज ऐका ना — घस, घस, घस. मी काही बोलायला लागलो की जोरात घासतो. व्हॉल्व्ह आहे की शत्रू आहे!

हं, तर गळलं कुणाचं — त्याचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. नाही, म्हणजे — हो, पहिल्यांदाच. त्याच्या रांगेतून कधी थेंब गेला नव्हता. माझ्या रांगेतून गेलाय, तीनदा, खोटं कशाला बोलू. एकदा मी लेप जास्त जाड लावला, एकदा तो वाळायच्या आधीच पाणी भरलं, आणि एकदा का ते अजून कळलेलं नाही, त्या एकाचा मी आठवडाभर विचार करत बसलो होतो वही घेऊन. त्याचं कधी नाही. गिऱ्हाइकं माझ्याकडे बोट दाखवायची — 'खिडकीकडची बाजू गळतेय हो, शिकलेल्या भावाची' — आणि तो मान खाली घालून आपला ब्रश पुसत राहायचा. पुसताना हसायचा असं मला वाटतं. मला वाटतं. मी पाहिलेलं नाही. मला पुष्कळ गोष्टी वाटतात.

काय? — हो, ते बरोबर पकडलंत. गंजलेले त्याचे बोल्ट पाण्याच्या बाजूचे आहेत. पाण्याच्या बाजूला तर सीलंट हवं. मग तिथे तो तेल घेऊन काय करत होता? तुम्ही गाडी चालवता की वकिली करता? — ते असं झालं की जुना स्टँड मोडला. चाळीस वर्षं त्यावर इंजिन एकाच तोंडानं बसायचं, धुराची नळी खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे. त्यामुळे पाण्याची भोकं माझी, कोरडी त्याची. माझी डबी बरोबर, त्याचा ब्रश बरोबर. ते आपोआप जुळलेलं होतं, त्यात अक्कल कुणाचीच नव्हती, आणि त्याची बाजू कधी गळली नाही तीही म्हणूनच. मागच्या महिन्यात नवा स्टँड आणला. त्याच्या पकडी उलट्या हाताला आहेत. त्यावर इंजिन चढवलं की तोंड फिरतं. नळी दाराकडे. पाण्याची भोकं दाराकडे. आणि त्या स्टँडवर चढलेलं पहिलं इंजिन तुमचं. आता कळलं? त्यानं नेहमीसारखं तेल लावलं, पाण्याच्या भोकांत. मी नेहमीसारखं सीलंट लावलं, कोरड्या भोकांत. माझं चुकलेलं दिसत नाही, कारण तिथे गळायला पाणीच नाही. त्याचं दिसलं. डोळ्यांत मोतीबिंदू, सवयीचा हात, आणि पूर्वी प्रत्येक भोकात तार घालून तळ तपासायचा, ते आता करत नाही — किंवा केलंही असेल. कोण जाणे.

मी? मला कसं दिसणार — म्हणजे — हे बघा, तुम्ही मला असं विचारू नका. मी त्याच्या बाजूला बघत नसतो. तसा नियम आहे. लिहिलेला नाही, पण आहे. समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या हाताकडे बघायचं नाही.

दिसलं. दिसलं होतं मला! झालं समाधान? नळी माझ्याकडे नव्हती ना, मग न दिसायला मी काय आंधळा आहे? ऑपरेशन त्याचं झालंय, माझं नाही. सीलंटची डबी उघडून हातात धरलेली, आणि मी बघतोय की समोरच्या भोकांत अजून पाण्याची ओल आहे, आणि तो त्यांत तेलाचे बोल्ट सोडतोय. एक. दोन. मला वाटलं आता थांबेल, आता त्याच्या लक्षात येईल. मी डबी ठेवली, फळ्यापाशी गेलो, खडू घेतला. लिहायचं काय होतं — 'इंजिन उलटं आहे.' तीन शब्द. मी लिहिलं, 'चिंध्या संपल्या.' आणि परत येऊन माझे पाच बसवले. तो गेला, फळा वाचला, खूण केली, आणि कपाटातून चिंध्यांचं नवं गाठोडं काढून माझ्या बाजूला ठेवलं.

का म्हणजे? असं डोळे फाडून का विचारता? माझ्या जागी उभं राहून बघा बावीस वर्षं! मला एकदा — एकदाच — त्याची बाजू गळलेली बघायची होती. कुणीतरी यावं आणि म्हणावं, थोरल्याचं चुकलं. मला वाटलं थोडं पाझरेल, आठ-पंधरा दिवसांत कुणीतरी रेडिएटरचं झाकण उघडेल, पाणी कमी दिसेल, गाडी परत येईल. चार माणसं आत बसलेली असतील हे माझ्या — तुमच्या गाडीवर लिहिलंय ना मोठ्या अक्षरांत, रुग्णसेवा म्हणून. वाचलं होतं मी. वाचता येतं मला. तेवढंच येतं.

आणि तुम्ही तरी रोज पाणी बघायचं नाही? तीन आठवडे! एवढी मोठी गाडी चालवता, सकाळी एकदा झाकण — हो, हो, माहीत आहे, नव्यानं दुरुस्त केलेल्या इंजिनाचं पाणी रोज कशाला बघायचं. विश्वास ठेवलात. ठेवू नका कुणावर. माझ्यावर तर अजिबात नाही.

नाही, बसा. उठू नका. हे अर्धं राहिलं तर मला — बसा त्या स्टुलावर, पुसलंय मी. तुम्ही चूक कुणाची विचारलंत. मग ऐकाच आता. ही पाच-पाचची पद्धत बाबांनी का घातली माहीत आहे? चूक कुणाची ते कळावं म्हणून! त्याच्यासाठीच. त्याआधी दहाच्या दहा हाच बसवायचा, तिकडचा. पाच तेलात, पाच सीलंटमध्ये, शीळ घालत. तीस वर्षं. मी इथे आल्यावर नुसता बोल्ट हातात द्यायचो आणि प्रबंधातलं काहीबाही सांगायचो, आणि तो म्हणायचा, 'बरं मास्तर.' मास्तर म्हणायचा मला. चिडवून नाही. म्हणजे, चिडवूनच, पण तसं नाही.

एका दुपारी ट्रकचं इंजिन होतं. यानं बोल्ट तयार करून ठेवले, तेलात बुडवून, उलटे धरून, शेवटचा थेंब निथळेपर्यंत. आणि याच्या धाकटीला शाळेत चक्कर आली म्हणून निरोप आला, तर हा तसाच पळाला. अर्धा तास. मी एकटा. मी ते बोल्ट बघितले आणि मला वाटलं, एवढंसं तेल? घर्षणाचं गणित माझ्या डोक्यात. कोरडा राहिला तर पकड कमी बसेल. कमी बसली तर गॅस्केट जाईल. मला नेहमी कमी पडेल असंच वाटतं ताई, आयुष्यभर, मीठ कमी, पैसे कमी, परीक्षेला वेळ कमी. मी तेलाची झारी घेतली आणि त्या पाच कोरड्या भोकांत एकेक पिचकारी सोडली. एकेक पिचकारी! बंद भोक. तळ असलेलं. तेल दबत नाही, हे तर अकरावीतला मुलगा सांगेल. बोल्ट खाली उतरला की ते तेल जाणार कुठे? माझ्या प्रबंधात यावर एक आख्खं प्रकरण आहे. चौथं. हा परत आला, घामाघूम, मुलगी बरी होती, खुशीत होता. पाना लावला आणि आवळायला लागला. चौथ्या बोल्टला आवाज आला. फार मोठा नाही. कुणी बोटं मोडावीत तसा. ब्लॉकला चीर. नवाकोरा ब्लॉक.

बाबा आले. बोल्ट काढला, भोकातून तेल वर आलं. 'एवढं तेल कुणी ओतलं?' विचारलं, पण बघत होते ते याच्याकडे. पाना याच्याच हातात होता ना. आणि यानं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटतं दोन-तीन सेकंद. मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, वाक्य तयार करत होतो, सुरुवात कशी करावी — मला वाक्य जुळवायला वेळ लागतो, वर्गातही लागायचा — आणि तेवढ्यात बाबांनी त्याला सगळ्या कामगारांसमोर नको नको ते बोलून घेतलं. तीस वर्षं झाली तरी हात हमालाचाच, म्हणाले. उद्यापासून पाच याचे, पाच त्याचे, म्हणाले, म्हणजे मला कळेल कोण माती खातंय. संध्याकाळी नळावर आम्ही हात धूत होतो. यानं साबण माझ्या हातात दिला आणि विचारलं, 'तुला काही सांगायचंय का?' मी म्हटलं, 'कशाबद्दल?'

बस. त्यानंतर नाही बोलला. बाबा गेले तेव्हासुद्धा नाही, तिरडीच्या दोन टोकांना आम्ही दोघं होतो. मी लोकांना सांगत आलो की तो तापट आहे, अडाणी आहे, शिकलेल्या भावाचा हेवा करतो. बायकोला हेच सांगितलं. मुलांना हेच. इतक्यांदा सांगितलं की मलाही — आणि राग येतो हो मला! आजही येतो! एवढा मोठा आहेस तर हाणायची होतीस ना एक मुस्काटात तिथेच नळावर! सगळ्यांना सांगायचं होतंस! गप्प बसून बावीस वर्षं माझ्या समोर उभा राहतोस, रोज, नऊ ते सहा, हातात ब्रश घेऊन — ही काय रीत झाली? हा काय चांगुलपणा झाला? हा सूड आहे, ताई, सूड! आणि कोण सांगतं की यानंही मागच्या महिन्यात पाहिलं नसेल? हाताला ओल लागली नसेल? मी बोलतो की नाही ते बघत उभा राहिला असेल तर? पाच बोल्ट तसेच सोडले असतील, माझी वाट बघत — मला माहीत नाही. मला काहीच नक्की माहीत नाही.

थांबला का तो?

ब्रशचा आवाज. ऐका ना — थांबलाय. केव्हापासून? तुम्ही तिकडे तोंड करून बसला आहात, तुम्हाला दिसलं असेल. केव्हा थांबला? साबणाच्या वेळी? की झारीच्या?

काय करतोय? — नळ बंद केला. हात पुसतोय. अजून चारही वाजले नाहीत, सहाच्या आधी कुठे निघाला हा. चपला घालतोय? ताई, बाजूला व्हा जरा, मला दिसू दे.

दादा.

दादा, थांब. मी म्हटलं थांब. हे बघ, मी — काय सांगायचं ते — थांब ना!

नाही ताई, तुम्ही जाऊ नका त्याच्या मागे. निरोप नको. कसला निरोप देणार तुम्ही? मी हाक मारली, त्यानं ऐकली, दारात क्षणभर उभा राहिला ते तुम्हीही पाहिलंत. मागे वळला नाही. बावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं त्याला, आता तो इथे कशाला थांबेल? आणि मिळालं तेही कसं, तुमच्या अंगावर ओरडताना. त्याच्याकडे पाठ करून.

तुमची गाडी सकाळी सातला हवी ना? चार माणसं उभी राहतील फाटकापाशी, माहीत आहे, पुन्हा पुन्हा नका सांगू. ब्लॉक ठीक आहे, हेड वाकलेलं नाही, पट्टी लावून तपासलंय मी, तीनदा. गॅस्केट नवं आहे. दहाही भोकं कोरडी करून तार घालून बघेन, प्रत्येकात, पाण्याचं कुठलं, तळाचं कुठलं. दहाच्या दहा मी बसवेन. त्याच्या पाचांना माझा हात लागलेला नाही आजवर — एकदाच लागला होता, झारीचा. नाही, खात्री देत नाही! कुठून देऊ? दुसऱ्या कुणाकडे न्यायची असेल तर न्या, इंजिन उघडं पडलंय, टोचन करून न्या, माझं काही म्हणणं नाही. नाही ना न्यायची? मग जा आता. घरी जा. इथे उभ्या राहून माझ्या हाताकडे बघू नका, मला जमत नाही कुणी बघत असलं की. काय? — नाही, बोलावणार नाही मी त्याला. जा म्हटलं ना! आणि दार लोटून घ्या जाताना. उघडं टाकून गेलाय तो.